होळकरांच्या घरांची आतली बाजू

सांवेर हे इंदूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, इंदूर-उज्जैन रस्त्यावर इंदूरपासून साधारण 30 किलोमीटरवर. प्रवासी तिथे थांबतात ते बहुधा उलट्या हनुमानासाठी. डोके खाली आणि पाय वर अशी ही मूर्ती. अहिरावणाच्या तावडीतून राम-लक्ष्मणांना सोडवायला मारुती पाताळात उतरला तो याच जागेवरून, अशी लोकांची श्रद्धा आहे. संस्थानी काळात सांवेर हा होळकरांच्या इंदूर जिल्ह्यातला एक परगणा होता. इंदुरातून वाहणारी खान नदी, जिला आता सरकारी कागदांत कान्ह म्हणतात, सांवेरकडून पुढे जाऊन उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. परगण्यांचा वसूल मात्र नदीच्या उलट दिशेने, वर इंदूरकडे जाई. माळव्याच्या काळ्या मातीतले गहू, कापूस आणि अफू यांच्या पैशातून होळकरांनी इंदुरात जी घरे बांधली, त्यांतली तीन आजही उभी आहेत. राजवाडा, लालबाग आणि माणिकबाग. तिन्ही एकाच घराण्याची आणि एकाच शहरातली. पण घर कशाला म्हणायचे याची प्रत्येकाची कल्पना वेगळी.

आधी मातीबद्दल. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर नुसत्या जड भिंतींचे घर लवकर तडकते. म्हणून इकडच्या जुन्या घरांत काळ्या दगडाचे भक्कम जोते घालून त्यावर लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा करत. वरचा भार सांगाडा पेले, आणि मधल्या भिंती माती-विटांच्या असल्या तरी चालत. वर मातीची कौले, ज्यांना माळव्यात कवेलू म्हणतात, आणि पुढे बसण्याउठण्याला ओटला. सांवेरसारख्या गावातले साधे घर आणि इंदूरचा राजवाडा यांत श्रीमंतीचे अंतर प्रचंड आहे, बांधणीच्या मूळ विचारात मात्र फारसे नाही. राजवाड्याला सात मजले आहेत. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी.

राजवाड्याचे काम मल्हारराव होळकरांच्या काळात, 1747 च्या सुमारास सुरू झाले. पुढची बाजू उंच, मधोमध मोठ्या खिळ्यांचा लाकडी दरवाजा, वर एकावर एक चढत गेलेले सज्जे आणि झरोके. मराठा, राजपूत आणि मोगल घाट इथे शेजारी शेजारी नांदतात. पण या वास्तूचे खरे रूप दरवाज्याच्या आत आहे. मराठी वाडा रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करतो. चौकातून उजेड येतो, वारा फिरतो, पावसाचे पाणी उतरते, आणि घरातले कोण कुठे आहे हे सगळ्यांना दिसते. आतली सजावट म्हणजे वेगळी आणून मांडलेली वस्तू नव्हे. घडवलेले खांब, त्यांवरच्या कमानी, कोनाडे, कडीपाटाची तक्तपोशी हीच सजावट. सामान म्हणाल तर गाद्या, लोड, बैठकीची जाजमे, समया. सगळे उचलून ठेवता येण्याजोगे. एकाच दालनात सकाळी कचेरी भरावी आणि संध्याकाळी कीर्तन व्हावे, ही सोय खुर्च्या-टेबलांच्या घराला कधीच जमली नाही. आत कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. जेजुरीचा खंडोबा होळकरांबरोबर माळव्यात आला तो असा घरातच राहायला.

लाकडाच्या घराचे वैर आगीशी. 1801 मध्ये शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा राजवाडा जाळला गेला. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली आणि तात्या जोग यांच्या कारभारात वाड्याची पुन्हा उभारणी झाली. 1834 मध्ये पुन्हा आग लागून वरचा भाग गेला. तिसरी मोठी आग 1984 च्या दंगलीतली. तिच्यात मागचा जवळपास सगळा भाग भस्म झाला आणि बराच काळ पुढच्या भव्य दर्शनी भिंतीमागे रिकामी जागाच उरली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात, होळकर घराण्याच्या उषादेवींच्या पुढाकाराने, मागचा भाग जुन्याच पद्धतीने, वीट, चुना, दगड आणि लाकूड वापरून नव्याने बांधला गेला. हे काम सिमेंट-लोखंडाने स्वस्तात उरकणे सहज शक्य होते. तसे केले नाही याचे श्रेय द्यायलाच हवे. मे 2025 मध्ये अहिल्याबाई होळकरांच्या 300 व्या जयंतीच्या निमित्ताने मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक याच राजवाड्यात झाली.

लालबागची गोष्ट निराळी. 1886 मध्ये, दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरच्या काळात, खान नदीच्या काठी हा महाल बांधायला घेतला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, 1921 मध्ये तो पुरा झाला. तीन पिढ्यांचे हे काम असल्याने एकाच हाताची शिस्त त्यात शोधू नये. प्रवेशाची फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवरून इंग्लंडात ओतून घेतली आणि जहाजाने मुंबईला आणली. त्यांवर चिन्ह मात्र होळकरांचे. आत संगमरवरी खांब, झुंबरे, रंगीत काचा, इराणी गालिचे, मोठाली आरसे-चौकटींची दालने. छतांवर ग्रीक पुराणातल्या देवदेवता रंगवल्या आहेत. नाचाच्या दालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे, म्हणजे पावलाला किंचित उसळी मिळावी. स्वयंपाकघर नदीच्या पलीकडे आणि तिथून ताटे महालात यायची ती भुयारातून. वास आणि धूर पाहुण्यांपर्यंत पोचू नये म्हणून केलेली ही योजना मराठी घराच्या दृष्टीने अजबच. वाड्यात चुलीचा वास हा घर जागे असल्याची खूण असते. लालबागेत तो लपवण्यासाठी नदी ओलांडली गेली.

तरीही लालबागला नुसती नक्कल म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. त्या काळी संस्थानिकाला ब्रिटिश रेसिडेंट, गव्हर्नर आणि परदेशी पाहुणे यांची सरबराई करावी लागे, आणि तक्क्या-लोडांच्या बैठकीत ती होत नसे. महालातली दालने ही राजकारणाचीच साधने होती. स्वतः तिसऱ्या तुकोजीरावांचे राज्य मात्र या सगळ्या थाटामाटाने वाचले नाही. मुंबईच्या मलबार हिलवर 1925 मध्ये झालेल्या बावला खून प्रकरणामुळे त्यांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली. पुढे 1978 मध्ये निधन होईपर्यंत लालबागशी त्यांचा संबंध राहिला. आज महाल सरकारकडे असून तिथे संग्रहालय आहे. तीन घरांपैकी आतले सामान बऱ्याच अंशी जागच्या जागी पाहायला मिळते ते याच एका घरात.

तिसरे घर बाहेरून पाहिले तर कोणी मान वळवून पाहणार नाही. माणिकबागेच्या दर्शनी भागात ना झरोके, ना खांबांची मिरवणूक. तिसऱ्या तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांचा जन्म 1908 चा. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. एकार्टचे वडील हेर्मान मुथेसियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी घरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. घर आतून बाहेर रचावे, राहणाऱ्याच्या गरजांवरून भिंती ठराव्यात, हा विचार मुलाला घरातच मिळाला. यशवंतराव आणि त्यांच्या राणी, कागलकर घराण्यातल्या संयोगिताराजे, यांच्यासाठी एकार्टने 1930 ते 1933 या काळात माणिकबाग घडवली.

घडवली हाच शब्द नेमका. दाराच्या मुठीपासून दिव्यांपर्यंत सगळे एका दृष्टीने ठरवलेले होते. धातूच्या चौकटींच्या खिडक्या, बरेच जुळणीचे भाग आणि सामान युरोपातून जहाजाने आले. माळव्याच्या उन्हाळ्यासाठी हवा गार करणारी यंत्रणा बसवली. अभ्यासिकेत एमिल-जाक रुलमान या फ्रेंच कारागिराचे मकासर आबनुसाचे भव्य टेबल, झोपायच्या खोल्यांत लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी केलेले धातू आणि काचेचे पलंग, आयलीन ग्रे यांची कलती खुर्ची, ल कोर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांची लांब आरामखुर्ची, जमिनीवर ईव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे भूमितीच्या नक्षीचे गालिचे. मुथेसियसने स्वतः केलेल्या लाल आरामखुर्च्यांच्या पाठीतच वाचायचे दिवे बसवले होते. खुर्चीत बसणारा माणूस वाचणार आहे हे आधी गृहीत धरून केलेली ही वस्तू. सोन्याचा वर्ख इथे कुठे नव्हता. श्रीमंती दिसे ती पृष्ठभाग गुळगुळीत असण्यात, सांधे न दिसण्यात आणि रिकाम्या जागेत. राजवाड्यातल्या जाजमाच्या बैठकीशी माणिकबागेचे नाते लालबागेपेक्षा जवळचे आहे, असे म्हटले तर ते उगाच ओढूनताणून होणार नाही: दोन्हीकडे खोली मोकळी ठेवण्याला किंमत होती.

कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराची 'अवकाशातला पक्षी' या मालिकेतली तीन शिल्पे यशवंतरावांनी घेतली होती, एक पितळी झिलईचे कांस्य, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. या शिल्पांसाठी इंदुरात पाण्याच्या कुंडाभोवती एक ध्यानमंदिर उभारायचे ठरले आणि त्या कामासाठी ब्रांकुशी स्वतः 1937 च्या अखेरीस इंदूरला आले. पण त्याच वर्षी संयोगिताराजे विशीतच वारल्या होत्या. मंदिर झाले नाही.

माणिकबागेच्या आधीच इंदूर शहराच्या घरांचाही वेगळा विचार होऊन गेला होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये इंदूर दरबाराला दिलेल्या अहवालात जुन्या पेठा सरसकट पाडून रुंद रस्ते करण्याला विरोध केला. पडके तेवढे काढा, बाकीचे दुरुस्त करा, गल्लीतले झाड आणि चौक राखा, असा त्यांचा रोख होता. यशवंतरावांचे शिक्षक मार्सेल हार्डी हे गेडिस यांच्याच वर्तुळातले. राजपुत्राला नव्या कलेची गोडी लावण्यात त्यांचा वाटा होता.

यशवंतराव 1961 मध्ये वारले. माणिकबागेतले बरेचसे सामान 25 मे 1980 रोजी मोंते कार्लो इथे सोदबीज कंपनीच्या लिलावात विकले गेले. काळा आणि पांढरा संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, कांस्य पक्षी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात नॉर्टन सायमन संग्रहालयात. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने माणिकबाग आणि यशवंतराव यांच्यावर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा फर्निचर निरनिराळ्या संग्रहांतून गोळा करावे लागले. इंदुरातली मूळ इमारत केंद्रीय करखात्याकडे आहे. ज्या खोल्यांसाठी युरोपातले निवडक कारागीर राबले, तिथे आता फायलींची कपाटे आहेत.

राजवाडा आणि लालबाग पाहायला खुले आहेत, माणिकबाग कचेरी असल्यामुळे एरवी आत जाता येत नाही. राजवाडा सकाळी पाहावा. तेव्हा चौकात ऊन उतरते आणि खांबांच्या सावल्या जमिनीवर आखल्यासारख्या पडतात. ज्याला होळकरांचे चौथे घर बघायचे असेल त्याने नर्मदेकाठी महेश्वरला जावे. अहिल्याबाई राज्य चालवीत ते तिथल्या किल्ल्यातल्या साध्या वाड्यातून. लाकडी खांबांची ओसरी, मधे अंगण, आणि एका बाजूला त्यांची म्हणून दाखवतात ती पांढरी गादी.