कार्बन जळतो, पण धातूचं काय?

1937 साली पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूकच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात युजीन हूद्री यांची तेलाचे रेणू तोडण्याची पद्धत चालू झाली, तेव्हा उत्प्रेरक होता मातीचा. काम करताना त्याच्यावर काही मिनिटांतच कार्बन साचे. मग तेल दुसऱ्या भांड्यात वळवायचं आणि पहिल्या भांड्यात हवा सोडून कार्बन जाळायचा. 1942 साली बॅटन रूजला उत्प्रेरकाची भुकटी सतत फिरवणारा संच आला. 1960च्या दशकात मोबिलच्या प्लँक आणि रोझिन्स्की यांनी या कामात झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांचा सांगाडा असलेलं ॲल्युमिनियमयुक्त खनिज, आणलं. कार्बन जाळला की उत्प्रेरक नवा, हा हिशोब तोवर बरोबर होता.

झिओलाइटमध्ये पॅलॅडियम, प्लॅटिनम भरायला लागल्यावर तो हिशोब चुकला. कार्बन काढणं काही तवा घासण्याइतकं सोपं नव्हतं. कार्बन जळताना तापमान भडकतं आणि झिओलाइटच्या पोकळ्यांत विखुरलेले प्लॅटिनमचे सूक्ष्म कण सरकून एकमेकांना चिकटतात. धातू तेवढाच राहतो, पण त्याचा उघडा पृष्ठभाग घटतो. शिवाय कार्बनच्या थरात हायड्रोजनही असतो. त्याच्या जळण्यातून तयार झालेली वाफ झिओलाइटच्या सांगाड्यातलं ॲल्युमिनियम उपटून काढते, आणि त्याबरोबर आम्लताही जाते. म्हणून सुरुवातीला नायट्रोजनमध्ये जेमतेम एखादा टक्का ऑक्सिजन मिसळायचा आणि तापमान टप्प्याटप्प्यानं चढवायचं, अशी शिस्त आली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा शोध हा संयमच.

चिकटलेलं प्लॅटिनम सोडवायला क्लोरीन कामी आलं. सुमारे 500 अंश सेल्सिअसला हवेबरोबर थोडं क्लोरीनयुक्त संयुग सोडलं की प्लॅटिनमची बाष्पशील संयुगं बनून पसरतात. नंतर हायड्रोजन दिला की पुन्हा बारीक धातू. प्रमाण चुकलं, तर तेच क्लोरीन सांगाड्यावर उठतं.

1993 साली चीनमधल्या दालियनच्या संशोधकांनी मॉलिब्डेनम भरलेल्या झेडएसएम-5 या झिओलाइटवर सुमारे 700 अंशांना मिथेनपासून बेंझीन मिळवून दाखवलं. हा उत्प्रेरक काही तासांतच कार्बनानं मंदावतो. तो कार्बन हवेत जाळावा, तर मॉलिब्डेनमचा ऑक्साइड होतो. तो उडून तरी जातो, नाहीतर सांगाड्यातल्या ॲल्युमिनियमशी संयोग पावून झिओलाइटच खातो. त्यावर अलीकडच्या प्रयोगांत ऑक्सिजन अगदी थोडा, पण वरचेवर देऊन पाहिला गेला. कार्बन जळतो, आणि मॉलिब्डेनम पुरतं ऑक्साइड होण्याआधीच मिथेन पुन्हा सुरू केलेला असतो.