कथलाचा थेंब आणि शेअरचा भाव

दौंडच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. ते लिहितात, ‘चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं काही खरं नसतं, आज ही पुढे तर उद्या ती. पण या सगळ्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. मग त्यांचेच शेअर घेऊन ठेवले तर? आणि आपल्या शेजारी रांजणगावातच आता चिपचं काम येतंय म्हणतात, त्याचा काही फायदा?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं ते इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुल होतं. जागा सुमारे २९७ एकर, खर्च ४९२ कोटी ८५ लाख रुपये. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातला गेल्यावरून नुकताच गदारोळ झाला होता, त्यामुळे ‘चिप’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हे दोन शब्द त्या महिन्यात एका दमात उच्चारले गेले आणि अजून सुटे झालेले नाहीत. (तो गुजरातचा प्रकल्पही पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडल्यावर बारगळला, पण ते असो.) रांजणगावात एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने आहेत, बोर्डांची जुळणी करणारी जाबिल आहे. इथे चिप बनत नाही. बाहेरून बनून आलेली चिप बोर्डावर बसते.

पण बसते कशी, हे बघण्यासारखं आहे. पोलादी पत्र्यातल्या बारीक भोकांतून बोर्डावर राखाडी पेस्टचे ठिपके उमटतात. मग यंत्राची नळी रिळावरचे तिळाहून लहान सुटे भाग हवेच्या ओढीने उचलून नेमके त्या ठिपक्यांवर ठेवत सुटते. शेवटी बोर्ड भट्टीतून सरकतो आणि भुरकट पेस्ट एकाएकी चकचकीत होते. शिसं हद्दपार झाल्यापासून जी पेस्ट सर्रास वापरतात तिच्यात ९६.५ टक्के कथील असतं, बाकी थोडी चांदी आणि तांबं. म्हणजे कल्हईवाला नवसागराचा धूर काढत पितळेच्या पातेल्याला जे फासायचा, तेच.

आता पहिला प्रश्न. गंमत अशी की जगातल्या सगळ्यात महागड्या चिप-यंत्राच्या पोटातही हेच कथील आहे. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावच्या एएसएमएल या कंपनीचं ईयूव्ही, म्हणजे टोकाच्या अतिनील प्रकाशाचं यंत्र, किंमत पंधरा कोटी डॉलरच्या पुढे. ते सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवतं. त्यासाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि तो देणारा दिवा कुठे विकत मिळत नाही. म्हणून वितळलेल्या कथलाचे थेंब निर्वात कक्षात सोडतात, सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंब केसाच्या जाडीहून लहान. लेसरचा पहिला ठोका उडत्या थेंबाला चपटा करतो, दुसरा त्याची वाफ करून टाकतो. कथील वितळतं २३२ अंशांना, इथे ते दोन लाख अंशांच्या पुढे जातं आणि तो प्रकाश बाहेर पडतो. सेकंदाला पन्नास हजार वेळा, तेही न चुकता! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापण्यात शून्यं जास्त पडली असावीत असंच मला वाटलं होतं.

हा प्रकाश हवा गिळते, काचही गिळते. त्यामुळे भिंगं बाद. उरतात आरसे, तेही मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांचे काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक चढवून केलेले. असा उत्तम आरसासुद्धा शंभरातला सत्तर भागच प्रकाश परत देतो. दुसऱ्या आरशावर एकोणपन्नास उरतात, आणि दहा आरसे ओलांडेपर्यंत तीनसुद्धा नाहीत.

असल्या आरशांनी चित्र उमटवता येतं, हे आधी दाखवलं ते जपानच्या एनटीटी कंपनीतल्या हिरोओ किनोशिता यांनी. १९८६ मध्ये त्यांनी ते जपानच्या उपयोजित भौतिकशास्त्र संस्थेपुढे मांडलं, तेव्हा समोरच्यांचा विश्वास बसला नाही. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज आणि लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेने या कामात जीव ओतला, पण कारखान्यात या प्रकाशाने मोठ्या प्रमाणावर चिपा निघू लागल्या त्या २०१९ च्या सुमारास. मधे तेहतीस वर्षं. त्या काळाच्या सुरुवातीला चिपवर नक्षी छापणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात दबदबा होता तो किनोशितांच्याच देशातल्या निकॉनचा, आणि निकॉनने ईयूव्हीचं यंत्र बाजारात आणलंच नाही. म्हणजे किनोशितांवर विश्वास ठेवून तेव्हा कुणी त्यांच्या देशातल्या सर्वांत तगड्या कंपनीचे शेअर घेतले असते, तर विज्ञान बरोबर ठरूनही कंपनी चुकली असती. शेअर बाजाराच्या अहवालांत एएसएमएलचे गोडवे पानोपानी असतात, किनोशितांचं नाव शोधून सापडत नाही. मला ते खटकतं.

बरं, एएसएमएल जन्माला घालणाऱ्यांचं काय झालं? ही कंपनी १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी मिळून काढली. एएसएमचे आर्थर डेल प्राडो यांचे पैसे संपत आले आणि १९८८ मध्ये ते बाहेर पडले. फिलिप्स म्हणजे तीच, दौंड-पुणे शटलच्या वाटेवर लोणी काळभोरला जिचा कारखाना होता ती. तिनेही आपला वाटा ईयूव्ही यंत्रं बाजारात येण्याच्या कितीतरी आधी विकून टाकला. चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीतही फिलिप्स पहिल्या दिवसापासून भागीदार होती, आणि तिथलेही शेअर तिने विकले. ज्यांना आतलं सगळं माहीत होतं, त्यांची ही गत.

याहून मजेशीर गोष्ट यंत्राच्या आत आहे. ते आरसे बनवते झाइस, ती एका प्रतिष्ठानच्या मालकीची. थेंबांवर ठोके मारणारा लेसर बनवते ट्रुम्फ, ती एका कुटुंबाची. चकतीवर चोपडायच्या प्रकाशसंवेदी रसायनात अग्रेसर असलेली जपानची जेएसआर २०२४ मध्ये तिथल्या सरकारच्या पाठबळाच्या निधीने विकत घेतली आणि शेअर बाजारातून काढून घेतली. म्हणजे या कामातल्या ज्या भागांत खरं कसब आहे, त्यातले कित्येक दलालाच्या पडद्यावर दिसतच नाहीत. दिसतात त्या एएसएमएल, अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च, केएलए आणि टोकियो इलेक्ट्रॉन. त्यातली एकही भारतातल्या शेअर बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे परदेशात पैसे पाठवून किंवा परदेशी शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडातूनच तिथे पोचता येतं.

आता ‘यंत्रवाला काही झालं तरी कमावतो’ या समजुतीकडे येऊ. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे कळायला अवघड नाही. ऊस दहा टक्के घटला तर साखर कारखान्याचं गाळप तेवढंच घटतं, पण त्या वर्षी नवी मिल कोण मागवतो? मिल बनवणाऱ्याची ऑर्डर दहा टक्के कमी होत नाही, ती येतच नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने साखर कारखान्यांच्या यंत्रांच्या जोडीला सिमेंट, अणुऊर्जा, अवकाश अशी कामं घेतली, ती मला वाटतं यामुळेच. चिपांचंही तेच. २००९ च्या मंदीत जगातली चिपांची विक्री सुमारे नऊ टक्के घटली. चिप-यंत्रांची विक्री मात्र साडेएकोणतीस अब्ज डॉलरवरून सोळा अब्जांवर आली, जवळजवळ निम्मी. आणि २०१० मध्ये ती दुपटीहून वर उसळली. हे हेलकावे पोटात घेणारा माणूसच या शेअरमध्ये टिकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एएसएमएलचा तिमाही निकाल चुकून एक दिवस आधी संकेतस्थळावर झळकला, ऑर्डर अपेक्षेच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या, आणि शेअर एका दिवसात सोळा टक्के पडला. यंत्राचा एक स्क्रूही बदलला नव्हता.

आपल्याकडे तर यंत्राचीही गरज पडत नाही, नुसतं नाव पुरतं. आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीचा शेअर एप्रिल २०२४ मध्ये दोन आकडी भावात होता, २०२५ च्या अखेरीस पाच आकडी झाला. आम्ही सेमीकंडक्टरचं कसलंही उत्पादन अजून सुरू केलेलं नाही, असं त्या कंपनीनेच शेअर बाजाराला लेखी कळवलं होतं. घेणाऱ्यांनी ते पत्र वाचलं नसावं, किंवा वाचूनही घेतलं असावं. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते.

वाचकांनी जाता जाता दौंड तालुक्यातल्याच कुरकुंभच्या रसायन कंपन्यांबद्दलही विचारलंय. ती दिशा नावांच्या मागे धावण्यापेक्षा मला बरी वाटते, कारण फॅबला, म्हणजे चिपच्या कारखान्याला, रसायनं रोज लागतात, मंदीतही. पण तेच रसायन औषधासाठी बनवणं आणि चिपसाठी बनवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. चिपला सोडियम, लोखंड अब्जात एखादा भाग असलं तरी खपत नाही, आणि ते मोजायलाही खास प्रयोगशाळा लागते. शिवाय फॅबवाले नवा पुरवठादार घेताना नमुने महिनोन् महिने तपासतात. तेव्हा दौंड तालुक्यातल्या एखाद्या कंपनीने उद्या ‘आम्ही सेमीकंडक्टरमध्ये उतरतोय’ असं जाहीर केलं, तर वार्षिक सभेत दोनच गोष्टी विचारा. मालात लोखंड अब्जात किती, आणि नमुना कुठल्या फॅबने पास केलाय.