गणपती, हेलिकॉप्टर आणि शेवटची लढाई

चौदा जाडजूड खंड, तेवीस वर्षं, दोन लेखक आणि एकच युद्ध. 'व्हील ऑफ टाइम'चं कालचक्र ज्याने फिरवलं, तो ते थांबायच्या आत स्वतःच गेला. तरी लढाई झाली. कशी? जरा निवांत बसा, सांगतो!

कल्पना करा, एक म्युझियम आहे. काचेच्या कपाटात जुन्यापुराण्या वस्तू मांडल्यात. त्यातच एक छोटीशी चंदेरी चीज... गोल कडं आणि आत तीन टोकांची चांदणी. कशाची बनलीय, कुणालाच सांगता येत नाही. पण जवळ गेलं की तिच्यातून कुणाचा तरी जुना गर्व आणि बडेजाव जाणवतो म्हणे! जिराफाचा सांगाडाही आहे. असला प्राणी खरंच होता का, याबद्दल बघणाऱ्यांना शंकाच आहे.

ट्यूब पेटली? ती चांदणी म्हणजे मर्सिडीजच्या बॉनेटवरचं चिन्ह! आपल्याकडे ज्याच्यासाठी लोक आयुष्यभर ईएमआय भरतात, ते तिथे कुणाला ओळखूसुद्धा येत नाही.

रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' मालिकेची ही दुनिया. तलवारी, घोडे, जादू, राण्या, राक्षस असा सगळा मसाला इथे आहे. पण ही 'फार फार वर्षांपूर्वी'ची गोष्ट नाही. आपलं जग बुडाल्यानंतरची आहे, आणि एका अर्थाने त्याच्या आधीचीही. पहिल्याच खंडात एक भटका गवई गावातल्या पोरांना पुराणकथांची नावं सांगतो. आगीच्या गरुडाच्या पोटात बसून चंद्रावर गेलेला लेन. पृथ्वीला वळसा घालेल असा आगीचा भाला घेऊन लढणारा मॉस्क हा राक्षस, म्हणजे मॉस्को. आणि 'इंड' नावाच्या अद्भुत देशाची माता, लोकांना बरं करणारी मटेरीस. या मदर तेरेसा, हे सांगायला नकोच. जॉन ग्लेनपासून कोलकात्यापर्यंत आपली अख्खी विसावी शतकं तिथे आजीच्या गोष्टी होऊन बसलीत.

प्रलयानंतरचे दिवस

या जगात प्रलय एकदा होऊन गेलाय. कथा सुरू होते त्याच्या तीनेक हजार वर्षं आधी माणूस सुखात होता. विज्ञान होतं, जादू होती, रोगराई जवळपास नव्हती. मग काही संशोधक नव्या शक्तीच्या शोधात निघाले आणि त्यांनी वास्तवालाच भोक पाडलं. पलीकडे जो कोंडलेला होता, तो डार्क वन, काळोखाचा धनी. त्याला पुन्हा बंद करायला लूस थेरिन नावाचा वीर आपले साथीदार घेऊन गेला. काम फत्ते केलं, पण डार्क वनने जाता जाता डंख मारलाच. पुरुष जी जादू वापरायचे ती नासली आणि वापरणारे एकेक करून वेडे झाले. त्यांनी डोंगर हलवले, समुद्र सरकवले, शहरं गाडली. लूस थेरिनने वेडाच्या भरात स्वतःच्याच घरच्यांना मारलं आणि शुद्धीवर आल्यावर स्वतःलाही संपवलं.

आता भविष्यवाणी अशी, की तोच माणूस पुन्हा जन्माला येणार, शेवटच्या लढाईत जगाला वाचवणार आणि ते करता करता मोडूनही टाकणार. येतो कोण? रँड नावाचा मेंढपाळाचा पोरगा. बिचाऱ्याला तारणहार होण्याची काडीइतकीही हौस नाही.

हे वाचताना मराठी माणसाला एकदम घरी आल्यासारखं होतं. पुनर्जन्म आहे, युगं आहेत, अधर्म माजला की पुन्हा येणारा वीर आहे. जॉर्डनने कालचक्राची कल्पना आपल्याकडून घेतली आणि त्याला सात युगांचे सात आरे लावले. आपल्याकडे चार युगं, मिळून ४३ लाख २० हजार वर्षं. त्यातलं कलियुग एकटंच ४ लाख ३२ हजारांचं. त्याच्या शेवटी कल्की यायचा, की पुन्हा कृतयुग सुरू. पण मग एक अडचण होते. काळ गोल फिरत असेल तर 'शेवटची' लढाई शेवटची कशी? आज हरवलेला दुष्ट पुढच्या फेरीत परत येणारच ना? जॉर्डनची सगळी मालिका या प्रश्नाभोवती फिरते. आणि उत्तर तो कुठल्या ग्रंथातून नाही, एका हेलिकॉप्टरमधून घेऊन आला होता.

विघ्नहर्ता आणि आइसमन

रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १९४८, गाव अमेरिकेतलं चार्ल्सटन. १९६८ ते १९७० या काळात तो व्हिएतनाममध्ये होता, हेलिकॉप्टरच्या दारात मशिनगन घेऊन. शौर्यपदकं मिळवली. परत येऊन फिजिक्स शिकला, नौदलासाठी न्यूक्लिअर इंजिनिअर झाला, मग जखमी होऊन हॉस्पिटलात पडला आणि लिहायला लागला.

व्हिएतनाममध्ये त्याला दोन टोपणनावं पडली होती, असं त्याने आयुष्याच्या शेवटच्या वर्षात लिहून ठेवलंय. पहिलं नाव ऐकून आपण खुर्चीत सावरून बसतो. गणेश! हत्तीचं तोंड असलेला हिंदूंचा विघ्नहर्ता. हे नाव त्याला आवडायचं. दुसरं नाव आइसमन. ते त्याला नको होतं.

त्याच लिखाणात एका फोटोची आठवण आहे. आजूबाजूला प्रेतं पडलीत आणि एक सैनिक ओंडक्यावर बसून शांतपणे जेवतोय. बघणारे विचारायचे, हा माणूस आहे की कोण? जॉर्डनचं म्हणणं, तो जनावर नाही, त्याने स्वतःचा एक तुकडा कापून बाजूला ठेवलाय, त्याशिवाय तो उद्याचा दिवस बघू शकला नसता. हे तो ठामपणे सांगू शकला, कारण तसा तो स्वतःही बसला होता. घरी येण्याआधी त्या आइसमनला आपण तिकडेच मारून पुरून आलो, असंही तो लिहितो.

आता रँडकडे बघा. चौथ्या-पाचव्या खंडापासून हा पोरगा स्वतःला कठीण करत नेतो. आधी लोखंड, मग पोलाद, मग त्याहून कठीण काहीतरी. आपल्यामुळे मेलेल्या बायकांची नावं तो मनातल्या मनात यादीसारखी घोकत राहतो. रडू येत नाही, हसू तर नाहीच. सगळे म्हणतात, तारणहार असाच हवा! आणि बाराव्या खंडाच्या शेवटी हा तारणहार डोंगरमाथ्यावर उभा राहून अख्खं जग जाळायच्या बेतात येतो. फॅन्टसी म्हणजे पोरखेळ असं म्हणणाऱ्यांना तेवढं एक प्रकरण वाचायला द्यावं. आइसमनला कुठवर जाऊ द्यायचं, हे कळलेल्या माणसाचं ते डोकं आहे, कागदावर ते उतरवलं दुसऱ्याने असलं तरी.

अर्धवट प्रोजेक्ट कुणाच्या गळ्यात?

हो, दुसऱ्याने. मार्च २००६ मध्ये जॉर्डनने वाचकांना कळवलं, की आपल्याला हृदयाचा अमायलॉइडोसिस हा दुर्मीळ आजार आहे. तेव्हा अकरा खंड आले होते आणि शेवटची लढाई तेवढी उरली होती. १९९० साली पहिला खंड घेतलेली कॉलेजातली पोरं एव्हाना आईबाप झाली होती. शेवटचं पुस्तक एकाच खंडात बसवणार, मग बाइंडिंगची नवी पद्धत काढावी लागली तरी बेहत्तर, असं तो म्हणायचा. आजारपणात त्याने घरच्यांना शेवट तोंडी सांगितला, टिपणं ठेवली, अगदी शेवटचा प्रसंग लिहून ठेवला. १६ सप्टेंबर २००७ ला तो गेला.

ऑफिसात कुणी काम अर्धवट टाकून गेलं आणि ती फाइल आपल्या टेबलावर आली की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे फाइल लाखो वाचकांची होती. जॉर्डनची बायको हॅरिएट मॅक्डुगल हीच त्याची संपादक. नवरा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या वाचनात एका तरुण लेखकाने लिहिलेली श्रद्धांजली आली. ब्रँडन सँडरसन. वय तिशीच्या जरा पुढे, पूर्वी हॉटेलात रात्रपाळी करत कादंबऱ्या खरडणारा, आणि शाळकरी वयापासून याच मालिकेचा भक्त. तिने त्याची 'मिस्टबॉर्न' वाचली आणि काम त्याला दिलं.

एका खंडाचे तीन झाले! २००९, २०१० आणि शेवटचा 'अ मेमरी ऑफ लाइट' जानेवारी २०१३ मध्ये. महाभारत व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, असं आपण म्हणतो. इथे उलटं झालं. गणपती सांगून गेला आणि लिहून दुसऱ्यानेच काढलं.

सँडरसनची भाषा जॉर्डनसारखी नाही, हे खरंच. जॉर्डन एका झग्याच्या कशिद्यावर अर्धं पान घालवायचा. सँडरसन धडाधड पुढे पळतो. मॅटचे विनोद तर सुरुवातीला चक्क फसलेत. पण जॉर्डनच्या आवाजाची नक्कल करायला गेला असता तर सगळंच गडगडलं असतं. तो मोह त्याने टाळला.

लढाई एकदाची पेटते!

(इथून पुढे स्पॉयलर आहेत. वाचायचं ठरवलं असेल तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.)

शेवटच्या खंडातल्या सदतिसाव्या प्रकरणाचं नाव 'शेवटची लढाई'. हे एकच प्रकरण सुमारे दोनशे पानांचं आहे! सकाळच्या विरार लोकलमध्ये सुरू करून उतरताना मिटायची चीज नव्हे ही. पण सगळ्यात भारी भाग त्याच्या आधीचा. माणसांकडे चार नामांकित सेनापती आहेत, चौघांनाही वेगवेगळी आघाडी दिलीय. आणि चौघंही बारीक चुका करायला लागतात. एक तुकडी जरा उशिरा हलते, एक बाजू जरा उघडी पडते. फितुरी म्हणावी तर ती माणसं तशी नाहीत. खरं कारण, शत्रूपक्षातली एक चेटकीण त्यांच्या स्वप्नांत शिरून बुद्धी किंचित वाकवतेय. सगळ्या आघाड्यांवर एकदम पानिपत व्हायची वेळ येते, तेव्हा सूत्रं येतात जुगारी, टवाळखोर मॅटच्या हातात.

आणि रँड? तो उत्तरेला, शायोल गूलच्या गुहेत. तिथे काळ इतका सावकाश चालतो, की आत थोडा वेळ जातो तोवर बाहेर दिवस उलटून माणसं कापली जातात. त्याच्याबरोबर नायनीव्ह आहे. एके काळी गावात झाडपाल्याची औषधं देणारी, आता जगातल्या सर्वांत ताकदवान जादूगारणींपैकी एक. ऐन मोक्यावर तिची सगळी जादू रँडच्या हातात बांधली गेलीय आणि समोर अलाना पोटात वार होऊन पडलीय. अलाना अशीच मेली तर तिच्याशी मनाने बांधलेला रँड वेडापिसा होणार. शत्रूचा डाव तोच आहे. मग नायनीव्ह झोळीतून मुळ्या, सुई आणि दोरा काढते. जादूने भरलेल्या चौदा खंडांचं भवितव्य चार टाक्यांवर येतं! अलाना वाचत नाही, पण शुद्धीवर येऊन तो बंध सोडते आणि मग जाते.

मुख्य सामना तलवारीचा नाहीच. रँड आणि डार्क वन एकमेकांना जगं दाखवतात. मी जिंकलो तर असं होईल, तू जिंकलास तर असं. डार्क वनचं एक जग वरून छान दिसतं. बाजार भरलेत, घरं धड आहेत, फक्त माणसांतली सदसद्विवेकबुद्धी गेलीय. मग रँड आपलं जग उभं करतो. डार्क वन मेलाय, वाईट म्हणून काही उरलेलंच नाही. सगळे गोड हसतायत. तो आपल्या प्रिय एलेनच्या डोळ्यांत बघतो आणि आत कुणीच नाही! वाईट वागता येत नाही, त्यामुळे चांगलं वागण्यातही काही उरलेलं नाही. दोन्ही जगांतली माणसं सारखीच पोकळ.

म्हणून डार्क वन हातात सापडलेला असताना रँड त्याला मारत नाही. नव्याने आणि नीट कोंडून ठेवतो.

काही वाचक यावर जाम भडकले होते. चौदा खंड वाचले ते काय नुसतं दार बंद करायला? मला विचाराल तर चक्र फिरतं ठेवायचं असेल तर दुसरा शेवट शक्यच नव्हता. आणि लढाईत एकदा हात बर्फ करून बसलेल्या माणसाने तो ठरवला होता, हे विसरू नका.

पडद्यावर मात्र ही लढाई कुणीच पाहिली नाही. अॅमेझॉन प्राइमची मालिका नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, रोझमंड पाइक मुख्य भूमिकेत, अलाना झाली आपली प्रियांका बोस. तिसरा सीझन सगळ्यात जमलेला. आणि तोच संपल्यावर मे २०२५ मध्ये मालिका बंद झाली, गोष्ट जेमतेम चौथ्या खंडापर्यंत पोहोचलेली असताना. मर्सिडीजच्या चांदणीचं ते म्युझियमही त्याच चौथ्या खंडातलं. सुई-दोऱ्याचा तो प्रसंग प्रियांकाला करायला मिळाला असता तर!

तेव्हा पुस्तकांना पर्याय नाही. 'द आय ऑफ द वर्ल्ड'पासूनच सुरुवात करा. 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा आधी वाचू नका, मजा जाईल. पहिली शंभरेक पानं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची आठवण करून देतील, कंटाळू नका. दहाव्या खंडात कुणी काहीच करत नाही, आंघोळी करतात आणि चहा पितात. तो बिनधास्त भराभर उलटा, अट्टल फॅनसुद्धा तेच करतात. आणि शेवटच्या पानावर पोहोचलात की एक पाइप दिसेल. ते पान जॉर्डनने स्वतः लिहिलेलं. जादू संपलेला एक माणूस तो पाइप पेटवतो, काडी न ओढता. कसा पेटवला, हे जॉर्डनने कुठेही सांगितलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा!