बर्फातून घाट चढणारी 'लोकल'

मुंबईची लोकल कसारा किंवा कर्जत-खोपोलीपर्यंत धावते. घाट मात्र ती चढत नाही. पुढे ३७ मीटरला एक मीटर असा खडा चढ असून, लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही तेथे जादा इंजिनांचा आधार घ्यावा लागतो. जपानमध्ये मात्र शाळकरी मुले, नोकरदार आणि वृद्धांना घेऊन प्रत्येक स्थानकावर थांबणारी साधी विजेची गाडीच डोंगर ओलांडते. तीही रुळांच्या दुतर्फा पुरुषभर बर्फ साचलेले असताना. बुलेट ट्रेनच्या झगमगाटात दुर्लक्षित राहिलेल्या या गाडीची रचना समजून घेण्यासारखी आहे.

जपानच्या मुख्य बेटाच्या मधोमध पर्वतरांग आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेतात आणि या पर्वतांवर आदळून निइगाता, यामागाता, आकिता या भागांत प्रचंड हिमवर्षाव करतात. टोकियोच्या बाजूने निइगाताकडे जाणारा जोएत्सु मार्ग ही रांग १९३१ मध्ये खुल्या झालेल्या ९.७ किलोमीटर लांबीच्या शिमिझू बोगद्यातून ओलांडतो. नोबेल विजेते यासुनारी कावाबाता यांची 'युकीगुनी' ही कादंबरी याच बोगद्यापलीकडच्या हिमप्रदेशात घडते.

कसोटी उताराची

अशा मार्गांसाठी तत्कालीन जपानी राष्ट्रीय रेल्वेने १९६३ मध्ये '११५ मालिका' ही गाडी आणली. सपाट आणि उबदार प्रदेशात धावणाऱ्या गाडीचेच हे डोंगरी रूप होते. घाटासाठी फक्त ताकद वाढवावी लागते, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः खरी कसोटी उताराची असते. मैलोन्‌मैल उतरताना ब्रेकचे ठोकळे चाकांवर सतत घासत राहिले, तर ते तापून निकामी होण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून उतारावर मोटारींकडूनच जनित्राचे काम करून घेण्यात आले. चाके मोटार फिरवतात, त्यातून निर्माण झालेली वीज रोधकांमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि गाडीचा वेग आपोआप आवरला जातो. ठोकळे थंड आणि राखीव राहतात.

पुढे ही वीज तारेत परत पाठविणाऱ्या गाड्या आल्या. तथापि, ती वापरायला जवळपास दुसरी गाडी धावत असावी लागते. तुरळक वाहतुकीच्या डोंगरी मार्गावर ती नसली, तर ब्रेकच दुबळा पडतो. म्हणूनच अशा भागांतील काही नव्या गाड्यांतही रोधक कायम ठेवलेले आढळतात.

लहान गोष्टींचे मोल

बर्फापासूनचे संरक्षण मात्र बारीकसारीक गोष्टींत दडलेले आहे. मोटारी थंड ठेवण्यासाठी हवा आत घ्यावी लागते. तिच्यासोबत भुरभुरीत बर्फ शिरला, तर तो वितळून मोटारी बंद पडू शकतात. त्यामुळे १९७७ पासूनच्या सुधारित ११५ डब्यांमध्ये हवेतील बर्फ वेगळा काढणारा स्वतंत्र कप्पा ठेवण्यात आला. बर्फ पडत असताना ब्रेकचे ठोकळे चाकांना हलकेच टेकवून ठेवले जातात, जेणेकरून मधल्या फटीत बर्फ साचू नये. टपावरील वीज घेणाऱ्या सांगाड्यावर बर्फाचे ओझे साचले तर तो तारेपासून खाली दबतो. त्यामुळे नव्या गाड्यांवर कमी बर्फ धरणारा एकबाहू सांगाडा असतो. काही गाड्यांवर तारेवरचे दव-हिम खरवडण्यासाठी जादा सांगाडाही बसविलेला असतो.

दारांचाही विचार वेगळा आहे. स्थानकात सगळी दारे एकदम उघडली, तर डब्यातील ऊब क्षणात निघून जाईल. म्हणून ज्याला चढायचे-उतरायचे आहे, त्यानेच दार उघडायचे. पूर्वी हाताने, आता बटण दाबून.

प्रवासी घटले, गाडी बदलली

१९९३ मध्ये ईशान्येकडील मार्गांवर '७०१ मालिका' आली आणि इंजिनांनी ओढल्या जाणाऱ्या जुन्या गाड्या मागे पडल्या. अवघ्या दोन डब्यांची गाडी एकटा चालक नेऊ शकतो, हा त्यातील मोठा लाभ. प्रवासी घटत चाललेल्या भागात मार्ग चालू ठेवण्यासाठी ही काटकसर आवश्यक होती. परंतु खिडकीला पाठ करून बसविणारी लांब बाके लांबच्या प्रवाशांना रुचली नाहीत आणि नाराजीचे सूर उमटले. निइगाता परिसरात २०१४ पासून 'ई१२९ मालिका' धावू लागली, तर जेआर ईस्टच्या उरलेल्या ११५ गाड्या २०२२ मध्ये सेवेतून बाहेर पडल्या.

एवढी सिद्धता असूनही निसर्ग अधूनमधून मर्यादा दाखवितोच. ११ जानेवारी २०१८ च्या सायंकाळी निइगाता प्रांतातील सान्जो शहरात चार डब्यांची गाडी बर्फात रुतली. सुमारे ४३० प्रवासी जवळपास पंधरा तास तिच्यात अडकून पडले. दिवे आणि उष्णतेची व्यवस्था चालू राहिली, हे गाडीचे यश. मात्र गर्दीमुळे अनेकांना रात्र उभ्यानेच काढावी लागली आणि प्रवाशांच्या सुटकेला एवढा विलंब का झाला, असा जाब रेल्वेला विचारला गेला.

बर्फाशी झुंजणारी गाडी कारखान्यात घडविता येते. ती केव्हा सोडायची आणि केव्हा थांबवायची, हा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो. त्या रात्रीने हेच अधोरेखित केले.