सेंटरिंग

वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे ५ एप्रिल २०२०. त्या रविवारी रात्री नऊ वाजता सगळे दिवे लावून गॅलरीत उभे होते, आम्हीही होतो. पण माझं मन दुसऱ्याच बातमीत अडकलेलं. लॉकडाऊनने रस्ते रिकामे आहेत तोवर उरकून घ्यावं म्हणून त्याच दिवशी खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला होता. १८३० सालचा पूल. एक्स्प्रेस वेवर त्याच्या खांबांमुळे वाट चिंचोळी व्हायची, पाडायला हवाच होता. तरी त्या कमानी धुळीत बसलेल्या टीव्हीवर बघितल्या आणि मी वहीत एक कमान काढली. खाली लिहिलं, 'आपल्या गाडीला पूल हवा.'

आपली गाडी म्हणजे मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय अकराच्या खोलीत प्लायच्या टेबलावर धावणारी. मुलीचं लग्न झालं आणि खोली माझ्या ताब्यात आली. खोड मात्र त्याआधीची. कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. मुलीला दाखवायला म्हणून गेलो. ती अर्ध्या तासात कंटाळली आणि मला ओढून बाहेर काढायची वेळ तिच्यावर आली. पुढे भाच्याने जर्मनीहून एक इंजिन आणि चार डबे आणून दिले. बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळही मिळाला.

हे सगळं एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, युरोपातला नेहमीचा गेज. आपल्या लोकलचा गेज १६७६, म्हणजे माझे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत. ते विकत मिळत नाहीत. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो आली तेव्हा कळलं, की आपल्या उपनगरांत माझ्या रुळांवर मापात बसणारी गाडी तेव्हा ती एकच होती. पण मेट्रोसाठी कमानीचा पूल कोण बांधतो!

पूल घाटातलाच हवा, हे आधी ठरलं होतं. मुलुंडकराला तसा हक्कही आहे. १८४३ साली जॉर्ज क्लार्क हा मुंबई सरकारचा मुख्य अभियंता भांडुपला आला असताना त्याला ठाणे, कल्याण आणि पुढे थळ नि बोरघाटापर्यंत रेल्वे न्यायची कल्पना सुचली, असं रेल्वेच्या इतिहासात सांगतात. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आमच्या मुलुंडवरूनच ठाण्याला गेली. बोरघाट चढायला आणखी दहा वर्षं लागली. तिथला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका स्वतःकडे घेऊन काम तडीला नेलं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. चार वर्षांत, ऐन पावसाळ्यात, त्यातला एक दगडी कमानींचा पूल कोसळला. बांधकाम हलकं निघालं. (अ‍ॅलिसबाईंचं नाव आठवताना हेही आठवावं लागतं.)

पण दगडी पूल मी केला नाही. कारण आळस. फूटभराचा दगड माझ्या मापात साडेतीन मिलिमीटरचा होतो. तसले हजारो दगड सुईने कोरत बसायची माझ्या डोळ्यांची तयारी नव्हती. तेवढ्यात मुलीने फोनवर आठवण करून दिली, 'बाबा, हॅरी पॉटरमधला पूल करा ना!' तो पूल स्कॉटलंडमधला, ग्लेनफिनन. मी इतकी वर्षं तो दगडीच समजत होतो. तो निघाला निव्वळ काँक्रीटचा, आत लोखंडाची सळई नाही. पन्नास-पन्नास फुटांच्या एकवीस कमानी. तिथला दगड घडवायला फार कठीण म्हणून ठेकेदार मॅकअल्पाइनने काँक्रीट ओतलं. लोक त्याला काँक्रीट बॉब म्हणायचे. १९०१ साली त्यावरून गाड्या सुरू झाल्या.

सळईशिवाय काँक्रीट उभं कसं राहतं, याचं उत्तर दारावर असतं. दसऱ्याला झेंडूची माळ दोन खिळ्यांना बांधली की मध्ये ती आपसूक झोळ घेते. त्या माळेत फक्त ओढ असते. तोच आकार उलटा करून दगडात उभा केला, तर त्यात फक्त दाब राहतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने हे १६७५ मध्ये साखळीच्या उदाहरणाने मांडलं. काँक्रीट दाब कितीही खातं, ओढ मात्र त्याला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी सोसते. म्हणून सपाट स्लॅबला सळई लागते, नीट आखलेल्या कमानीला तिच्यावाचून भागतं.

ग्लेनफिननची मापं काढली. पूर्ण पूल ३८० मीटरचा, माझ्याकडे सव्वाचार मीटरच्या वर जातो; खोली संपते. शिवाय तो वळणावर आहे आणि माझी टेबलावरची वळणं फारच आखूड. तेव्हा सरळ पूल, पाच कमानी, प्रत्येक साडेसतरा सेंटिमीटरची. सगळी मिळून लांबी ९८ सेंटिमीटर. उंची पस्तीस हवी होती, मी पंचवीसवर आणली. एकदा विक्रोळीवरून जाताना उगाच हिशेब केला: तिथे कचेरी असलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने राजमहेंद्रीला गोदावरीवर काँक्रीटच्या कमानींचा रेल्वे पूल बांधला, १९९७ पासून त्यावर गाड्या जातात. त्याचा एक गाळा ९४ मीटरचा. असे अठ्ठावीस. त्यातला एकच गाळा माझ्या अख्ख्या पुलाहून लांब भरतो.

पहिला पूल प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. गणपतीच्या कारखान्यात काथ्या घालून प्लास्टर ओततात, तसाच मीही ओतला. झालं ते फॉल्स सीलिंगसारखं दिसलं. रंग दिला तर रंगवलेलं फॉल्स सीलिंग. पावसाळ्यात कडा झडल्या. तो पूल वर्षभर निमूट राहिला, कुणी त्याच्याबद्दल बोललं नाही, मीही नाही.

मग शेजारची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि माझं खरं शिक्षण सुरू झालं. आमच्या गॅलरीतून त्यांचे स्लॅब पडताना दिसायचे. तिथला मुकादम बंगालकडचा. त्याला मोबाइलवर माझ्या कमानीचा फोटो दाखवला. 'चाचा, सेंटरिंग किधर है?' एवढंच त्याने विचारलं.

सेंटरिंग म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या नि टेकू, असं आपण समजतो. मुळात तो शब्द कमानीचा. दगडी कमान बांधताना खाली लाकडी अर्धवर्तुळ उभं करायचं, दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे, मधला कळीचा दगड बसला की लाकूड काढून घ्यायचं. त्या सांगाड्याचं हे नाव. मुंबईत कमानी संपल्या, स्लॅब आले, शब्द तेवढा साइटवर राहून गेला.

माझं सेंटरिंग तीन मिलिमीटरच्या एमडीएफच्या चकत्यांचं. त्यावर फळ्या म्हणून काडेपेटीच्या काड्या, गुल काढलेल्या, एकेक चिकटवलेल्या. दोन मिलिमीटरची काडी माझ्या मापात सात इंचांची फळी होते, अगदी साइटवर शोभेल अशी. साचा उघडल्यावर काँक्रीटवर त्या फळ्यांचे ओळीने वळ उमटावेत, हा सगळा खटाटोप त्यासाठी. मुकादमाने सांगितल्याप्रमाणे आतून तेल लावलं. एक वाटी सिमेंट, अडीच वाट्या रेती, तीही मैद्याच्या चाळणीने चाळलेली. चाळणी स्वयंपाकघरात परत घेतली गेली नाही. आत बुडबुडे राहू नयेत म्हणून व्हायब्रेटर हवा. साचा वॉशिंग मशीनवर ठेवला आणि कपडे पिळायचं बटण दाबलं.

पहिली कमान सेंटरिंग काढताना मधोमध तडकली. पाणी जास्त झालं होतं आणि घाई तर होतीच. दुसऱ्याच दिवशी पकडीने ओढायला गेलो. मुकादमाने कपाळावर हात मारला. सेंटरिंग ओढायचं नसतं, खाली उतरवायचं असतं. आधी टेकूखाली पाचर ठोकून ठेवायची आणि मग ती जराजराशी सैल करायची, म्हणजे कमान आपलं वजन हळूहळू अंगावर घेते. माझ्या पाचरी कपड्यांच्या लाकडी चिमट्यांच्या. दोन पाती उलटसुलट ठेवली की झाली पाचर. दुसऱ्या वेळी सात दिवस ओलं गोणपाट टाकून पाणी मारलं. मग रोज चिमूटभर पाचर सैल. चौथ्या दिवशी काड्यांचा सांगाडा आपसूक सुटून हातात आला, नि कमान तिथेच राहिली. हे कुणाला दाखवावं म्हणून बायकोला हाक मारली. ती म्हणाली, 'अहो, पडली नाही म्हणून एवढं काय?'

तिचं बरोबर होतं, हे गणिताने नंतर कळलं. वस्तू सत्त्याऐंशीपट लहान केली की वजन साडेसहा लाखपटींनी घटतं, पण भार घेणारं क्षेत्रफळ साडेसात हजारपटींनीच. म्हणजे काँक्रीटवर येणारा ताण सत्त्याऐंशीपट कमी. एवढ्या मापात कमान पुठ्ठ्याचीही उभी राहिली असती. माझा नऊ किलोचा पूल पेलत होता काय, तर शंभर-दोनशे ग्रॅमचे चार डबे.

पाचही कमानी होऊन पूल बसला २०२४ च्या सुरुवातीला, आणि रूळ जुळेनात. रुळांखालची बुचाची पट्टी हिशेबात धरायची विसरलो होतो. अकरा मिलिमीटरचा फरक. त्याच फेब्रुवारीत अंधेरीचा गोखले पूल एका बाजूने उघडला आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंची जुळेना, दीड-दोन मीटरचं अंतर. माझे अकरा मिलिमीटर खऱ्या मापात ९६ सेंटिमीटर भरतात, हे मी त्या दिवसांत भेटेल त्याला सांगत होतो. त्यांनी बर्फीवाला जॅक लावून उचलला, जुलैत गाड्या सुरू झाल्या. मी टेबलावरचा रूळ उचलला, मला एक रविवार लागला. मग प्लाय वजनाने वाकला, जोडावर इंजिन रुळावरून उतरलं, खाली लोखंडी अँगल घालावा लागला. ते एक असो.

पुलावरून गाडी नीट धावली ती सात-आठ महिने. २०२५ मध्ये आमचीच बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. रूळ सुटले, टेबल सुटलं, डोंगर तर थर्मोकोलचेच. पूल मात्र सुटत नाही, तो अखंड ओतलेला. रिक्षात मागच्या सीटवर आम्ही दोघं आणि मांडीवर आडवा पूल, असे आम्ही नाहूरच्या भाड्याच्या घरी आलो. दोन खोल्या. गाडीला जागा नाही, पूल खिडकीखाली ठेवला.

परवा सकाळी बघतो तर त्यावर कुंड्या. ओव्याची, गवती चहाची, आणि मधल्या कमानीवर बरोबर तुळस, मातीसकट चार किलोंची. मनातल्या मनात गुणाकार केला: सव्वीसशे टनांच्या वर.

'अगं, काढ ते. कमान आहे ती.'

'मग? पूलच आहे ना तो,' म्हणाली, आणि तांब्याभर पाणी घातलं.