रोहूच्या खाद्यात लसूण-हळद

इंदापूर तालुक्यातल्या एका शेततळ्यावर दादा आणि वहिनी रोहूच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढं मत्स्यबीज, वाढवतात. वहिनी सकाळीच लसूण ठेचायला बसतात. ठेचा थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचा आणि तो रस खाद्याच्या गोळ्यांवर शिंपडून मुरू द्यायचा. हळदीतलं करक्यूमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती कोमट तेलात मिसळून शेवटी गोळ्यांना चोळायची. हा तेलाचा हात महत्त्वाचा. तो नसेल तर गोळी तळ्यात पडताच रस धुऊन जातो. वाळवण सावलीत, कारण उष्णतेनं लसणातलं अ‍ॅलिसिन टिकत नाही.

बोटुकल्या विकायच्या आधी काही आठवडे हा खुराक चालतो. विक्रीसाठी जाळं ओढलं की बोटुकल्या एका कोपऱ्यात दाटतात, पाण्याबाहेर उचलल्या जातात. त्या धसक्यानं काही मिनिटांतच त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, पाठोपाठ साखर चढते. थोडा वेळ मासा हे सोसतो. ताण लांबला की त्याची भूक मरते, प्रतिकारशक्ती खचते आणि अंगावरचा चिकट थर खरवडला असेल तिथे बुरशी धरते. मासे मरतात ते बहुधा घेणाऱ्याच्या तळ्यात, आणि दोष मात्र बीजाला लागतो.

लसूण, हळद, तुळस, अश्वगंधा खाद्यातून दिल्यावर ताणानंतरची कॉर्टिसॉल आणि साखरेची ही वाढ कमी राहते, असं वेगवेगळ्या माशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्रा वाढवली म्हणून गुण वाढतोच असं नाही. उग्र वासाच्या खाद्याला मासा तोंड लावत नाही. दादा तळ्याच्या काठावर बसून तेवढंच पाहतात. ‘‘माशाला बोलता येत नाही, पण खाणं सोडलं की समजायचं,’’ ते म्हणाले.

जाळं ओढताना ते गड्यांना सारखं बजावत होते, ‘‘हळू रे, घाई करू नका.’’ पोट रिकामं व्हावं म्हणून बोटुकल्या आधी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात, उपाशी ठेवल्या होत्या. त्यामुळे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत विष्ठा आणि अमोनिया कमी साठतो. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. दाटी केलेल्या, गढूळ तळ्याला लसूण-हळद वाचवणार नाही. म्हणून मत्स्यशेतकऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तयार अर्काच्या बाटलीवर खर्च करण्याआधी पाण्यातला प्राणवायू मोजायचं साधन घ्या, आणि तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.