नवी गादी

आमची जुनी गादी हिच्या माहेरची. १९८६ साली आमचे लग्न झाले, तेव्हा सासरेबुवांनी ती अकोल्याहून पुण्याला ट्रकने पाठवली. कापूस घरच्या शेतातला, खोळ निळ्या पट्ट्यांची, आणि वजन असे, की वाड्याच्या जिन्यावरून ती वर चढवायला दोन हमाल आणि शिवाय खालचा भाडेकरू लागला. दर तीन-चार वर्षांनी गल्लीत पिंजाऱ्याच्या तातेचा टण् टण् आवाज आला की ही गॅलरीतून त्याला हाक मारी. दुपारभर अंगणात कापूस उडे, पिंजाऱ्याच्या भुवया पांढऱ्या होत आणि संध्याकाळी टम्म फुगलेली गादी घरात येई.

पुढे वाडा गेला, फ्लॅट आला आणि पिंजारी यायचा थांबला. कापूस बसत गेला. गादीच्या मधोमध असा खळगा पडला, की दोन काठांना निजलेले आम्ही दोघे पहाटेपर्यंत आपोआप मध्यभागी येऊन पोचत असू. संसाराच्या दृष्टीने ही सोय वाईट नव्हती. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास हिची कंबर धरली. सकाळी उठताना पलंगाच्या काठाला धरून पाच-पाच मिनिटे बसावे लागे.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि विचारले, "गादी किती वर्षांची?"

"बाबांनी दिलीय," ही म्हणाली.

"मी वर्षे विचारली."

वर्षे ऐकल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मी आपले शहाणपण पुढे केले, की मग हिला सतरंजी टाकून फळीवरच निजवतो. आमच्या लहानपणी पाठीच्या दुखण्याला हेच औषध होते. डॉक्टर म्हणाले, ते दिवस गेले. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांना घेऊन एक प्रयोग झाला होता. त्याचा अहवाल २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम, आणि ९० दिवसांनी पाहिले तर मध्यम गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झालेले. म्हणजे फळीही नको आणि खळगाही नको.

तेव्हा नवी गादी मागवली. ती आली एका खोक्यात, गुंडाळी होऊन! एवढ्याशा खोक्यात दोन माणसांची झोप मावली कशी, याचे हिला नवल वाटले. प्लॅस्टिक कापताच गादीने सुस्कारा टाकला आणि ती हळूहळू फुगू लागली. ती पुरती फुगायला एक-दोन दिवस द्यावे लागतात, हे सोबतच्या कागदावर छापलेले होते. कागद मी तिसऱ्या दिवशी वाचला. आम्ही पहिल्याच रात्री तिच्यावर झोपलो, म्हणजे आडवे झालो. नव्या रंगासारखा उग्र वास, आणि अंगाखाली जणू फुटपाथ. मध्यरात्री ही उठली, जुनी गादी हॉलमध्ये जमिनीवर अंथरली आणि तिकडे जाऊन निजली.

आता खरी पंचाईत सुरू झाली. गादी शंभर रात्रींत परत करता येणार होती. ही रोज सकाळी कॅलेंडरवर एक रेघ मारी आणि रोज रात्री हॉलमध्ये जाई. जमिनीवरून उठताना तिला आणखी त्रास होई, पण बोलायची सोय नव्हती. जवळजवळ चाळीस वर्षांत बाळंतपणे सोडली तर आम्ही अशी वेगळी झोपलो नव्हतो. नव्या गादीवर मी एकटा तळमळत पडे आणि हॉलमधून हिचे कण्हणे ऐकू येई.

शेवटी मी चौकशीला लागलो. फोमची गादी म्हणजे बारीक बारीक कप्प्यांचे जाळे. नव्या गादीत कप्प्यांचे पडदे ताठ असतात. अंगाच्या दाबाने ते थोडे सैल होतात, मग गादी अंगाला जुळते. याला चार ते आठ आठवडे लागू शकतात. दुसरी जुळवाजुळव आपल्या अंगाची. वर्षानुवर्षे खळग्यात वाकडे निजलेले स्नायू सरळ निजायला लागले की दोन-तीन आठवडे कुरकुर करतात. दुखणे वाढतच गेले किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या तर मात्र वाट पाहू नये, डॉक्टरांकडे जावे.

वासासाठी खिडक्या उघड्या ठेवल्या. चार-पाच दिवसांत तो गेला. शेजारच्या काकूंनी सांगितले होते, की गादीवरचे प्लॅस्टिक काढू नका, गादी नवी राहते. त्यांच्या घरी सोफ्यावरचे प्लॅस्टिक मुलीच्या लग्नात एकदाच निघाले होते. पण प्लॅस्टिकमध्ये घाम कोंडतो आणि गादीला हवा लागत नाही. मी ते काढले आणि सुती चादर घातली. हिला वाटे गादी गच्चीवर उन्हात टाकावी, जुनीला टाकत असू तशी. कापसाला ऊन मानवते. फोम मात्र कडक उन्हात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. उलटीही करायची नाही, कारण मऊ थर वरच्या बाजूलाच असतो. फक्त दर पंधरा दिवसांनी उशाची बाजू पायथ्याला करायची.

गादी तुडवायचे काम मी सकाळच्या फिरण्याऐवजी घेतले. अनवाणी, काठापासून काठापर्यंत, सगळीकडे सारखे. समोरच्या इमारतीतल्या मंडळींना माझ्या पलंगावरच्या येरझाऱ्यांतून काय वाटले असेल ते असो. रविवारी नातवाला मजुरीवर लावले. उड्या मारायच्या नाहीत, एकाच जागी दाब पडतो, नुसते लोळायचे. वीस लोळणांना एक बेसनाचा लाडू, असा करार ठरला. त्याने पहिल्याच दिवशी ऐंशी लोळणे भरली.

पंधरा दिवस झाले तरी हिच्या बाजूला कंबरेशी खड्डा जाणवेच. मला वाटले, गादीच खोटी. परत पाठवायचे ठरवून ती उचलली, तो खालच्या पलंगाची एक फळी मधोमध मोडलेली! जुन्या जाड गादीने ती वर्षानुवर्षे झाकून ठेवली होती. बाकीच्या फळ्यांतही चांगले वीतभर अंतर होते. ते चार बोटांहून जास्त असू नये. सुताराकडून प्लायवुडचा तक्ता आणून, त्याला हवेसाठी भोके पाडून घातला. खड्डा गेला.

मग मान दुखू लागली. तेही सापडले. नवी गादी खाली दबत नसल्याने कुशीवर निजताना खांदा वर राहतो आणि उशी ठेंगणी पडते. हिच्या सावरीच्या उशीखाली एक घडी केलेला टॉवेल ठेवला.

राहिली थंडी. पौषात गादी पुन्हा दगड झाली. वरचा थर ज्या फोमचा, तो अमेरिकेत १९६६ साली 'नासा'साठी विमानाच्या आसनांकरिता शोधलेला. उबेने मऊ व्हायचे आणि गारठ्यात ताठ राहायचे, हा त्याचा धर्म. यावर हिनेच तोड काढली. "अहो, तुम्ही अर्धा तास आधी माझ्या बाजूला जाऊन पडा. ऊब आली की सरका." अशा रीतीने अस्मादिकांची शेगडीच्या जागी नेमणूक झाली. पण त्या रात्री ती हॉलमध्ये गेली नाही. मी माझ्या गार बाजूला सरकलो आणि गप्प पडून राहिलो.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी दूधवाल्याची घंटा दोनदा वाजली. घरात ही घंटा आजवर मी कधी ऐकली नव्हती, कारण ती वाजण्याआधी ही उठलेली असे. मी दूध घेतले, आधण ठेवले आणि डोकावून पाहिले. ही उताणी, तोंड किंचित उघडे, गाढ झोपलेली होती. साडेसातला उठली ती काठाला न धरता. घड्याळाकडे पाहिले आणि "उठवायचं नाही का?" म्हणून माझ्यावरच रागावली. कॅलेंडरवरच्या रेघा सहासष्टवर थांबल्या.

जुनी गादी टाकून देण्याचा विषय मी काढलाच नाही. हिनेच खोळ उसवली आणि यंत्रावर पिंजून देणारे पेठेतले दुकान शोधून काढले. दोन छोट्या गाद्या झाल्या. एक नातवाची. दुसरी गॅलरीत असते. तिच्यावर ही दुपारी पुस्तक घेऊन पडते आणि मला तिकडे फिरकू देत नाही. नातवाच्या हिशेबाप्रमाणे अजून सतरा लाडू माझ्याकडे येणे आहेत. या दिवाळीत ते द्यावेच लागतील.